आपल्या आवडीचं वेड दुसऱ्याला लावायचंय? आधी स्वतःला आवरा

'काय? तू अजून हे पाहिलंच नाहीस?' या वाक्याने सुरुवात केलीत की काम बिघडलंच म्हणून समजा. समोरच्याला उगाच गुन्हा केल्यासारखं वाटतं आणि पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही.

पहिलं काम म्हणजे कुठून सुरू करायचं ते ठरवणं. शेरलॉक होम्सच्या एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. शिस्तीची माणसं नवख्याच्या हातात १८८७ची पहिली कादंबरी देतात. ती निम्मी होते न होते तोच गोष्ट लंडन सोडून थेट अमेरिकेतल्या यूटाला जाते आणि होम्स कितीतरी पानं दिसतच नाही. पुष्कळजण तिथेच पुस्तक मिटतात. त्यापेक्षा 'स्पेकल्ड बँड' ही कथा द्या. आतून बंद केलेली खोली, मध्यरात्री ऐकू येणारी शीळ आणि एका बैठकीत संपणारा मामला. आवडली तर पुढचं तो आपणहून मागेल.

मग क्रम. 'स्टार वॉर्स'चा १९७७ साली आलेला पहिला सिनेमा गोष्टीतला चौथा भाग आहे. गोष्टीतला पहिला भाग आला १९९९ साली. यावर रात्र रात्र भांडणारे लोक आहेत. माझं मत ठाम आहे : जसे आले तसेच दाखवा. १९८०च्या सिनेमात एका नात्याचा उलगडा होतो. गोष्टीच्या क्रमाने गेलात, तर तिथे पोचेपर्यंत तो कधीच फुटलेला असतो. (कोणतं नातं, ते इथे लिहीत नाही. अजून न पाहिलेले असतात, आणि त्यांनी लाजायचं कारण नाही.)

आता सगळ्यात अवघड भाग : सोबत बसून पाहणं. एका बंगाली सहकारी मैत्रिणीला मी १९८८चा 'अशी ही बनवाबनवी' दाखवायला बसवलं. 'सत्तर रुपये वारले' आलं आणि मी रिमोट उचलला. सिनेमा थांबवून सांगितलं, की 'वारले' हे मराठीत माणसांसाठी, तेही अदबीने म्हणतात, पैशांसाठी नाही, म्हणून हे गमतीचं आहे. ती म्हणाली, 'अच्छा.' विनोद तिथेच वारला.

तेव्हापासूनचा नियम असा : अडतील असे दोन-तीन शब्द सिनेमा सुरू होण्याआधीच सांगून टाकायचे. नंतर रिमोट लांब ठेवायचा. पुढचा संवाद ओठांवर आला तरी गिळायचा. आणि हसली का, हे बघायला तिच्या तोंडाकडे पाहायचं नाही. कुणी टक लावून बघत असताना माणसाला हसू फुटत नाही. त्या दिवशी मी दमून गप्प बसलो, तेव्हा साडीतला लक्ष्मीकांत बेर्डे पाहून ती खुर्चीवरून पडायची बाकी होती. त्याला कुठलाच खुलासा लागला नाही.

पडद्यामागची माहिती शेवटी, तीही विचारली तरच. 'बनवाबनवी'ची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वर बेतलेली आहे, हे मी आधीच सांगून बसलो असतो, तर ती दोन तास तुलनाच करत राहिली असती. संपल्यावर सांगितलं, तर एका बंगाली दिग्दर्शकाचं नाव ऐकून तिचीच कळी खुलली.

'कसा वाटला?' लगेच विचारू नका. नाही आवडला म्हणाली, तर वाद घालू नका, दुसऱ्यांदा दाखवायचा हट्ट तर मुळीच नको. चहा करा, विषय बदला.

दोनेक आठवड्यांनी ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनने तिची नोट गिळली आणि कॉफी काही दिली नाही. मशीनवर एक थाप मारून ती माझ्याकडे वळली. 'बीस रुपये बारले,' ती म्हणाली.

'बारले नाही, वारले,' हे जिभेच्या टोकावर आलं होतं. आवरलं.