पहिलीच्या वर्गातला रोजचा अभ्यास: नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका पूर्ण करून, शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर उत्तीर्ण होऊन आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन जे तरुण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू होतात, त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला सुरुवातीलाच पहिली-दुसरीचा वर्ग येतो. लहान मुलांचा वर्ग आहे, सोपा जाईल, असे त्यांना सांगितले जाते. धुळे जिल्ह्यातल्या एका गावात मी अनेक वर्षे हाच वर्ग शिकवते आहे आणि माझ्या मते प्राथमिक शाळेत याहून अवघड आणि याहून महत्त्वाचा वर्ग दुसरा नाही. चौथीतल्या मुलाला वाचता येत नसेल, तर त्याची कारणे शोधत आपण बहुतेक वेळा पहिलीच्या वर्गापर्यंतच येऊन पोहोचतो. म्हणून या वर्गात दिवसभर काय चालते, कशाला किती वेळ द्यावा आणि कशाची घाई करू नये, हे येथे सविस्तर मांडते.

आधी परिस्थितीविषयी थोडेसे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे खेड्यातल्या बहुतेक शाळांत पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे असतात. काही मुले अंगणवाडीत नियमित गेलेली असतात, तर काहींनी घराबाहेर एकट्याने बसण्याची ही पहिलीच वेळ असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वय वर्षे ३ ते ८ हा एकच पायाभूत स्तर मानला आहे; त्यामुळे अंगणवाडीतला खेळ पहिलीत आल्यावर थांबवायचा नसून पुढे न्यायचा आहे. पहिलीच्या सुरुवातीच्या तीन महिन्यांसाठी 'विद्या प्रवेश' हा खेळातून शाळेची तयारी करून घेणारा कार्यक्रम आहे तो याच विचाराने. जून उजाडताच पाठ्यपुस्तकाचे पहिले पान उघडून बसणाऱ्या नवशिक्षकाने हा कार्यक्रम शांतपणे वाचावा. पहिलीतले मूल आधी कानाने, तोंडाने आणि हाताने शिकते, पेन्सिलीचे काम त्यानंतर सुरू होते, आणि हा क्रम उलटला की पुढची सगळी वर्षे दुरुस्तीत जातात.

परिपाठ संपवून मुले वर्गात आली की आमच्याकडे हजेरी मुलेच लावतात. प्रत्येकाच्या नावाची पुठ्ठ्याची पट्टी एका पेटीत असते; मुलाने आपली पट्टी शोधायची आणि भिंतीवरच्या दोरीला चिमट्याने लावायची. जूनमध्ये मुले पट्टीवरच्या चित्रावरून नाव ओळखतात. पोळ्याच्या सुमारास मी चित्रे काढून टाकते, तोवर स्वतःचेच नव्हे तर शेजाऱ्याचेही नाव त्यांना ओळखू येऊ लागलेले असते. 'सागर' आणि 'सारिका' या दोन्ही नावांत पहिले अक्षर सारखे आहे, हा शोध मुलांनी स्वतः लावला की त्या अक्षराची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. मग दोरीवरच्या पट्ट्या मोजायच्या, पेटीत उरलेल्या मोजायच्या, आणि आज किती आले व किती आले नाहीत ते फळ्यावर लिहायचे. आलेल्यांचा आकडा घेऊन एक मूल पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडे जाते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला असल्यामुळे या आकड्याला खरोखर महत्त्व आहे, आणि आपण मोजलेल्या संख्येवर कोणीतरी तांदूळ मोजून घेते आहे, ही जाणीव मुलांना काळजीपूर्वक मोजायला लावते. दुपारी ताटे मांडताना एका मुलाला एक ताट, एका ताटाला एक वाटी, हेही गणितच आहे, आणि ते पुस्तकातल्या जोड्या लावण्यापेक्षा पक्के बसते.

भाषेसाठी दिवसातला सर्वांत ताजा वेळ, म्हणजे जेवणाच्या सुट्टीच्या आधीचा वेळ, राखून ठेवावा. सुरुवात गप्पांनी करावी. मुलांना गोलात बसवून काल घरी काय झाले, वाटेत काय दिसले, एवढेच विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. आमच्याकडची बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात. एका मुलीने गप्पांत सांगितले, "मनी माय वावरमा गई." मी ते वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले, त्याच्याखाली 'माझी आई शेतात गेली' असे लिहिले आणि दोन्ही वाक्ये बोट फिरवत वाचून दाखवली. ती मुलगी फळ्याजवळ येऊन आपल्या वाक्यावर बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा म्हणू लागली. तिला अजून अक्षरे येत नव्हती, पण आपण बोललेलेच तिथे लिहिले आहे हे तिला समजले होते. वाचनाचे बीज हेच आहे. घरची बोली दुरुस्त करत बसणाऱ्या वर्गात मुले हळूहळू बोलायचीच थांबतात, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणे फार कठीण जाते. अहिराणीच्या जागी पावरा, वारली, कोरकू किंवा गोंडी असेल तर शिक्षकाने त्या बोलीतले रोजचे शब्द एका वहीत लिहून शिकून घ्यावेत. गावातल्या पालकांना आणि अंगणवाडी ताईंना विचारले की ते आनंदाने सांगतात.

गप्पांनंतर गोष्ट. गोष्ट सांगणे आणि गोष्ट पुस्तकातून वाचून दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि रोज दोन्ही व्हायला हवीत. वाचून दाखवताना पुस्तक मुलांकडे वळवून धरावे, मध्येच थांबून 'आता काय होईल' असे विचारावे, आणि तीच गोष्ट चार-पाच दिवस पुन्हा वाचायला कंटाळू नये, कारण ओळखीची गोष्ट मुले स्वतः 'वाचू' लागतात.

अक्षरांच्या बाबतीत मात्र स्पष्ट सांगते की अ, आ, इ, ई पासून ज्ञ पर्यंत ओळीने जाऊ नये. मोजकी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह यांचा गट घ्यावा आणि त्यातून लगेच अर्थपूर्ण शब्द तयार व्हावेत. क, म, ल, ब ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर काका, मामा, बाबा, काम, मका, बाक, लाल, माला हे शब्द मुलाला वाचता येतात, आणि शाळेच्या दुसऱ्याच महिन्यात शब्द वाचता आल्याचा आनंद त्याला पुढे ओढत नेतो. अक्षर दाखवण्याआधी त्याचा आवाज कानात बसला पाहिजे. 'मका' या शब्दाच्या सुरुवातीला कोणता आवाज आहे, 'बाक'च्या शेवटी कोणता, शब्दात किती टाळ्या वाजतात, असे तोंडी खेळ रोज दहा मिनिटे घ्यावेत. पहिल्या वेलांटीपाशी बहुतेक मुले अडतात, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची अक्षरानंतर. येथे नियम सांगून उपयोग होत नाही. 'किती', 'दिवा', 'चिमणी' असे शब्द कार्डांनी जुळवायला द्यावेत आणि वेलांटीचे कार्ड मुलाने स्वतःच्या हाताने अक्षराच्या डावीकडे सरकवावे. जोडाक्षरे आणि रफार यांची घाई पहिलीत अजिबात करू नये.

लेखनाची तयारी मातीकाम, कागद फाडणे, मणी ओवणे, फरशीवर खडूने मोठ्या रेघा ओढणे यांतून होते. बोटांत बळ यायला वेळ लागतो. धूळपाटीवर बोटाने गिरवलेले अक्षर सहज पुसता येते, म्हणून मूल घाबरत नाही. वहीत मात्र खोडलेले दिसते. 'अजून वही कोरी कशी?' असे पालक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. त्यांना मुलाच्या हातची मातीची भांडी आणि शब्दकार्डे दाखवावीत, त्यांच्यासमोर मुलाकडून चार शब्द वाचून घ्यावेत. गावातल्या मातांचे गट शाळेशी जोडलेले असतील तर हे काम फार सोपे होते.

गणितासाठी खर्च काहीच नाही. चिंचोके, खराट्याच्या काड्या, रबर आणि दहा-दहा मण्यांचे रंग बदलत ओवलेली शंभर मण्यांची माळ एवढे साहित्य वर्षभर पुरते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालशिक्षण उभे केले, तेव्हा त्यांनीही परिसरातल्या वस्तूंनाच शैक्षणिक साधने मानले होते. आज प्लास्टिकचे संच कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळांनी ती दृष्टी पुन्हा आठवावी असे मला मनापासून वाटते.

मराठीत दोन अंकी संख्या शिकवताना एक अडचण हमखास येते आणि नवशिक्षकाला तिची आधीच कल्पना असावी. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहायचा असतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाने पंचवीस सांगितल्यावर पाटीवर ५२ लिहिले. मी पाटीला हात लावला नाही, फक्त पंचवीस काड्या मोजून आणायला सांगितल्या. त्याने काड्या मोजल्या, दहा-दहाचे दोन गठ्ठे रबराने बांधले, ते जमिनीवर आखलेल्या दशकाच्या घरात ठेवले आणि पाच सुट्या काड्या एककाच्या घरात. प्रत्येक घराखाली त्याने आकडा लिहिला, मग शेजारी ठेवलेली पाटी पाहिली. "गठ्ठे तर दोनच आहेत," असे म्हणून त्याने पाटी स्वतःच पुसली. अशा वेळी ५२ वर लाल फुली मारून काहीही साधत नाही, कारण मुलाने ऐकलेल्या क्रमाने अगदी बरोबर लिहिलेले असते.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन दिले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. माझे मत असे की वर्गात दोन्ही वाचने वापरावीत. गठ्ठ्यांकडे बोट दाखवताना 'वीस आणि पाच' म्हटले की स्थानिक किंमत कळते, आणि बाजारात, घरात चालणारे 'पंचवीस' तर आलेच पाहिजे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या संख्यांना वेगळा वेळ द्यावा लागतो, कारण त्यांचे नाव पुढच्या दशकावरून पडते; तीसपाशी 'एक कमी' हे काडी काढून दाखवल्याशिवाय मुलाला एकोणतीस उमगत नाही. हीच रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला मोडते, तेव्हा मुले गोंधळली तर त्यात नवल नाही.

परिसर फेरी, चित्रे, बडबडगीते आणि मैदानी खेळ यांना दुपारनंतरचा वेळ चांगला. फेरीला जाताना एकच प्रश्न घेऊन जावे, उदाहरणार्थ कोणत्या झाडांची पाने काठाला दातेरी आहेत, म्हणजे परत आल्यावर बोलायला विषय असतो. पहिली-दुसरी एकत्र असेल तर एका गटाला साहित्य देऊन बसवावे, दुसऱ्या गटाबरोबर स्वतः बसावे आणि अर्ध्या तासाने अदलाबदल करावी. दोघांना एकाच वेळी फळ्यावरून शिकवू पाहणारा शिक्षक लवकर थकतो.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचणे आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे अपेक्षित आहे. दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचा वेग दिला आहे, पण घड्याळ लावून वाचून घेण्याची सवय पहिलीत लावू नये. वेग समजण्याच्या मागून येतो.

नोंदींविषयी आग्रहाने सांगते. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे वर्षभर शिकताना होणाऱ्या मूल्यमापनाचा, भार ७० टक्के आणि संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचा, ३० टक्के असतो, म्हणजे रोजचे निरीक्षण हाच खरा आधार. 'प्रगती समाधानकारक' या शब्दांतून पुढच्या शिक्षकाला काहीही कळत नाही. 'काना व पहिल्या वेलांटीचे शब्द वाचतो, उकारापाशी थांबतो. २९ आणि ३९ साठी अजून काड्या लागतात' अशी नोंद असावी. आमच्या भागात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुले हंगाम संपल्यावर परततात. तेव्हा अशी एक ओळ त्या मुलाचे पुढचे वर्ष वाचवते. जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत शब्दकार्डे, दोन गोष्टींची पुस्तके आणि ही नोंद लिहिलेला कागद द्यावा. तेथे साखरशाळा, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ चालणारी शाळा, किंवा जवळची शाळा मिळाली तर तेथील शिक्षकाला काम कोठून सुरू करायचे ते कळते, आणि मिळाली नाही तर परतल्यावर आपल्याला कळते.