परदेशी जाण्यापूर्वी तेथील ओळखपत्राचा नियम कसा तपासावा

पुण्यात जर्मन किंवा जपानी भाषा शिकून परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला घरचे हमखास विचारतात, की तिथे ओळखपत्र सक्तीचे आहे का. या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत आणि ते वेगळे करूनच उत्तर शोधावे: ओळखपत्र काढणे सक्तीचे आहे का, ते सतत जवळ बाळगणे सक्तीचे आहे का, आणि तो नियम नागरिकांना लागू आहे की परकीयांना?

पहिल्या दोन प्रश्नांतला फरक युरोपातच स्पष्ट दिसतो. जर्मनीत १६ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाकडे ओळखपत्र किंवा पासपोर्ट असावाच लागतो, मात्र तो खिशात घेऊन फिरण्याचे बंधन नाही. शेजारच्या बेल्जियममध्ये १२व्या वर्षी ओळखपत्र मिळते आणि १५व्या वर्षापासून ते सदैव जवळ ठेवावे लागते. ब्रिटनने २००६मध्ये ओळखपत्राचा कायदा केला आणि २०१०मध्ये तो रद्दही केला.

खरी चूक होते ती तिसऱ्या प्रश्नात. जपानी नागरिकाला ‘माय नंबर’ कार्ड, म्हणजे तिथले सरकारी ओळखपत्र, काढणे ऐच्छिक आहे. त्यामुळे वर्गातला जपानी मित्र काहीही न बाळगता फिरताना पाहून आपल्या मुलांचाही तसाच समज होतो. प्रत्यक्षात तिथे दीर्घकाळ राहणाऱ्या १६ वर्षांवरील परकीयाने निवास कार्ड सतत जवळ ठेवलेच पाहिजे, आणि पर्यटकाने पासपोर्ट. तेव्हा निवास कार्ड हाती येईपर्यंत मूळ पासपोर्ट सोबत ठेवावा, त्याच्या झेरॉक्सवर विसंबू नये. राहण्याची जागा निश्चित झाल्यापासून १४ दिवसांच्या आत स्थानिक पालिका कार्यालयात पत्ता नोंदवावा.

आधारविषयीचा गैरसमजही निघण्यापूर्वीच दूर करावा. आधार रहिवाशांना मिळते. तो क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६च्या कायद्याच्या कलम ९मध्येच म्हटले आहे. काठमांडूच्या यात्रेला निघालेल्या कुटुंबांना याचा प्रत्यय येतो, कारण नेपाळसाठी प्रौढांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांनाच आधार चालते. आजी-आजोबांचे काम आधारवर झाले म्हणून आई-वडिलांचेही होईल, असे धरून चालू नये.

शेवटी नाव तपासावे, आणि माझ्या मते हे काम सर्वांत आधी करण्यासारखे आहे. आपल्याकडे कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, कुठे आडनाव आधी लिहिले जाते, तर लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या दोन कागदांवर दोन नावे राहून जातात. परदेशातले निवास कार्ड पासपोर्टवरील नावाप्रमाणे तयार होते. म्हणून दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे आणि दुरुस्ती लागणार असेल, तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधीच मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी.