दाढीचा ब्रश नीट कसा सुकवायचा आणि कुठे ठेवायचा (पावसाळ्यात तर नक्की वाचा)

पावसाळा लागला की दाढीच्या ब्रशला कुबट वास यायला लागतो, मग घरात कोणीतरी म्हणतं ब्रशच हलका निघाला, नवीन आणला जातो, आणि श्रावण येईपर्यंत त्यालाही तोच वास. बहुतेक वेळा ब्रशमध्ये काही खोट नसते हो. तो वरून सुकल्यासारखा दिसतो आणि मुळाशी ओलाच असतो. हे एकदा लक्षात आलं ना की साधा ब्रशसुद्धा वर्षानुवर्षं चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ब्रशचे केस हँडलमध्ये जिथे शिरतात तिथे ते सगळे एकत्र बांधून गोंदात, बहुतेक एपॉक्सीत, पक्के बसवलेले असतात. टोकाकडे केस मोकळे, मुळाशी एकदम गच्च. त्या गच्च जागेत पाणी केसांच्या फटींमध्ये धरून राहतं, वारा तिथपर्यंत पोचत नाही, आणि राहिलेला साबणही तिथेच जाऊन बसतो. टोकं तासाभरात मोकळी होतात म्हणून आपल्याला वाटतं सुकला. खरं बघायचं असेल तर अंगठ्याने केस दोन्ही बाजूला फाकवा आणि बोटाचं टोक थेट मुळापर्यंत घाला. गार लागलं म्हणजे आत ओल आहे. सुकलेला ब्रश गार लागत नाही. तरी शंका वाटली तर टिश्यू पेपर मुळाशी दाबून धरा, डाग उमटतो का बघा.

आता दाढी झाल्यावर काय करायचं. पहिलं म्हणजे ब्रश नीट धुवायचा, नळाखाली नुसता एकदा फिरवून काढायचा नाही. कोमट पाणी घ्या, उकळतं नको कारण त्याने गोंद सैल होतो आणि केसही खराब होतात. मगात पाणी घेऊन ब्रश त्यात खालीवर बुडवा, केस बोटांनी मोकळे करत रहा, पाणी बदला, आणि दाबल्यावर पांढरं पाणी यायचं पूर्ण थांबेपर्यंत हे करा. मग मुठीत धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच दाबत पाणी काढायचं. पिळायचा मात्र अजिबात नाही, फडकं पिळतो तसा पीळ दिला की केस मुळातून तुटतात, आणि एकदा मधले केस जायला लागले की मध्ये खड्डा पडतो.

त्यानंतर झटका. हँडल घट्ट धरायचं आणि मनगटाने जोरात चारपाच वेळा झटकायचं, बाथरूमच्या भिंतीवर थेंबांची रेघ उठली पाहिजे. ही पायरी सगळे टाळतात आणि खरं काम हीच करते, कारण मुळाशी अडकलेलं पाणी दाबून निघत नाही, झटक्याने निघतं. मग कोरड्या टॉवेलवर रंग मारल्यासारखा दोन्ही बाजूंनी फिरवायचा, टोकं दाबून रगडायची नाहीत. शेवटी बोटांनी केस फुलवायचे म्हणजे आत वारा जाईल. हे सगळं करायला मिनिटभर लागतं, जास्त नाही.

आता तो नेहमीचा वाद, ब्रश उलटा टांगायचा की सरळ उभा ठेवायचा. उलटा टांगला की पाणी खाली उतरतं असं म्हणतात, पण नीट झटकून पुसल्यावर जे पाणी उरतं ते केसांच्या बारीक फटींनीच धरून ठेवलेलं असतं, ते थेंब थेंब गळत नाही, हवेनेच उडतं. त्यामुळे माझं स्पष्ट मत, झटकला असेल तर कसाही ठेवा, वारा लागला पाहिजे. न झटकता पाणी निथळत असतानाच उभा ठेवणार असाल तर मात्र तेच पाणी मुळाशी उतरणार. एक अपवाद लाकडी हँडलचा. लाकूड पाणी पितं, फुगतं, सुकल्यावर आकसतं, आणि असं रोज होत राहिलं की पॉलिशला बारीक चिरा जातात आणि गोंदाची पकड सुटते. लाकडी हँडलवाल्यांनी ब्रश उलटा टांगावाच आणि हँडलचा तळही पुसावा.

कुठे ठेवायचा हे जास्त महत्त्वाचं आहे. आपल्याकडे ब्रश असतो बाथरूममधल्या आरशाखालच्या फळीवर, टूथब्रशच्या ग्लासात नाहीतर त्याच प्लॅस्टिकच्या कपात ज्यात फेस केला. कपाच्या तळाला पाणी असतंच, ब्रश त्यात उभा म्हणजे हँडल दिवसभर पाण्यात. आणि पाठोपाठ घरातले चारजण गरम पाण्याने आंघोळ करून जातात, सगळी वाफ त्यातच. त्यापेक्षा टॉवेलवर फिरवून झाला की ब्रश बाहेर आणा, बेडरूमच्या खिडकीची कड, कपाटाचा उघडा कप्पा, पंख्याचा वारा येईल अशी कुठलीही जागा चालेल. ब्रशबरोबर प्लॅस्टिकची टोपी आली असेल तर ती रोज घालायची नाही, ओल्या ब्रशवर तर नाहीच नाही. झिपच्या शेविंग किटमध्ये ओला ब्रश कोंबणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

उन्हात ठेवू का असं बरेच विचारतात. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास दिलं तर छान. पण विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात रोज ठेवलात तर केस कडक होतात आणि प्लॅस्टिकचं हँडल पिवळं पडतं, तिथे तर सावलीतही ब्रश दुपारपर्यंत खडखडीत होतो, उन्हाची गरजच नाही. हेअर ड्रायर वापरायचाच तर गार हवेवर.

केस कसले आहेत यावरही बरंच अवलंबून आहे. सिंथेटिक ब्रशचे धागे पाणी शोषत नाहीत, पाणी फक्त धाग्यांच्या मधे राहतं, म्हणून तो सगळ्यात लवकर सुकतो. डुकराच्या केसांचा ब्रश, म्हणजे बोअर, केसांच्या आत पाणी ओढून घेतो, म्हणूनच दाढीआधी तो भिजवावा लागतो आणि सुकायला वेळही घेतो. बॅजर (बिळात राहणारा एक जंगली प्राणी) याचे केस पाणी भरपूर धरतात आणि गुच्छ दाट असेल तर तोही सावकाश सुकतो. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट ठिकाणी रहात असाल आणि रोज दाढी करत असाल तर माझा सल्ला सरळ आहे, सिंथेटिक घ्या. बोअर किंवा बॅजरच आवडत असेल तर दोन ब्रश ठेवा आणि एकाआड एक दिवस वापरा, प्रत्येकाला दोन दिवस मिळतात. जून ते सप्टेंबर हवा इतकी सादळलेली असते की एका रात्रीत दाट ब्रश मुळापर्यंत सुकणं कठीणच, मीठसुद्धा डब्यात ओलं होतं तिथे ब्रशचं काय.

आता साबणाच्या थराबद्दल, हा मुद्दा फार लोक विसरतात. बोअरवेलचं नाहीतर टँकरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाबरोबर मिळून एक चिकट पांढरट थर तयार होतो जो पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला जो थर दिसतो ना, तोच. तो ब्रशच्या मुळाशी बसला की केस एकमेकांना चिकटतात, आत वारा जात नाही, आणि ब्रश कितीही चांगल्या जागी ठेवला तरी ओलाच राहतो. केस मुळाशी राठ लागायला लागले, फेस पूर्वीसारखा होत नाही, की समजायचं थर बसलाय. उपाय सोपा आहे. आधी थोडा शाम्पू नाहीतर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घेऊन तळहातावर ब्रश फिरवून धुवा. मग एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला, घरात व्हिनेगर नसेल तर ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक अ‍ॅसिड अर्धा छोटा चमचा चालेल, आणि फक्त केस बुडतील एवढा ब्रश त्यात पाच मिनिटं फिरवत धरा. पाणी गढूळ झालेलं दिसेल. मग साध्या पाण्याने खळखळून धुवा, झटका, सुकवा. पाणी जड असेल तर महिन्यातून एकदा, नाहीतर दोनतीन महिन्यांनी पुरे.

कुबट वास आधीच धरला असेल तरी हेच करा आणि ब्रश दोनतीन दिवस पूर्ण विश्रांतीवर ठेवा, वास जातो. मुळाशी काळे ठिपके दिसले तर मात्र बुरशी आहे, तो ब्रश टाकून द्या, चेहऱ्याला ब्लेडचे बारीक छेद असतात तिथे ही जोखीम घ्यायची नाही. याच कारणासाठी बापलेकाने, भावाभावाने एकच ब्रश वापरू नये, ज्याचा त्याचा वेगळा ठेवा.

ट्रिमर घेतला आणि ब्रश सहासात महिने लागणार नाही असं असेल तर वर सांगितल्यासारखा धुवून तीनचार दिवस सुकवा आणि कागदात सैलसर गुंडाळून कपाटात ठेवा. साबण राहिला असेल तर झुरळं येतात, ती साबण खातात. नैसर्गिक केसांना लोकरीसारखी कसरही लागते, म्हणून अधूनमधून काढून झटकत रहा. डांबरगोळी जवळ ठेवू नका, तो वास केसांत मुरतो आणि ब्रश शेवटी तोंडावरच फिरवायचा असतो.

गणपतीला गावी जाताना किंवा कुठेही प्रवासात, भोकं असलेली ट्यूब मिळते ती घ्या. नसेल तर सुती रुमालात गुंडाळून बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि पोचल्यावर आधी ब्रश बाहेर काढून उभा करा, मग चहा.

चोर बाजारात वगैरे जुने ब्रश मिळतात, हँडलं खरंच सुंदर असतात. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लोकांना अँथ्रॅक्स हा जिवाणूंमुळे होणारा गंभीर आजार झाल्याची नोंद आहे. आज धोका अगदीच कमी असला तरी इतका जुना, केसांसकट असलेला ब्रश शोभेला ठेवा, दाढीला नको.

आणि केस गळण्याबद्दल. नवीन ब्रशचे पहिले काही दिवस एकदोन केस गळतात, घाबरायचं नाही. महिन्यानंतरही फेसात रोज केस दिसत असतील, किंवा झुबकाच हातात आला, तर मुळाचा गोंद गेला. हँडल चांगलं असेल तर टाकू नका, नुसता केसांचा गुच्छ वेगळा विकत मिळतो, ऑनलाइन बघा. हँडलच्या खाचेचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, बहुतेक २० ते २६ च्या मधे असतो, जुना गुच्छ काढून खाच कोरडी करा आणि एपॉक्सीने नवीन बसवा. एक पूर्ण दिवस पाणी लावू नका.