मँडरिन फिश आणताय? आधी या चुका टाळा

मँडरिन हा छोटा समुद्री मासा दुकानात दिसला की नजर हटत नाही, निळ्यावर नारिंगी नक्षी, आणि तो निळा खऱ्या रंगद्रव्याचा असतो, बाकी बहुतेक माशांचा निळा हा नुसता प्रकाशाचा खेळ. पण घरी आणल्यावर काही आठवड्यांत मासा जातो आणि लोक म्हणतात पाणी बिघडलं असेल, आजार झाला असेल. बहुतेक वेळा तो उपाशी मेलेला असतो हो!

हा मासा फिलिपिन्स, इंडोनेशियापासून जपानच्या र्‍युक्यू बेटांपर्यंत, शांत उथळ पाण्यात, तुटलेल्या कोरलच्या ढिगाऱ्यात राहतो आणि दिवसभर एकेक कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतला अगदी बारीक जीव, टिपत फिरतो. म्हणजे तुम्ही दोन वेळा पेलेट (सुक्या खाद्याच्या गोळ्या) टाकले तरी तो ढुंकूनही बघत नाही. म्हणून नव्या टँकमध्ये, जिथे कोपेपॉड अजून पुरेसे वाढलेले नसतात, हा मासा सोडणं ही सगळ्यात मोठी चूक. टँक निदान सहा-आठ महिने जुना हवा, भरपूर लाईव्ह रॉक (बारीक जीव वस्तीला असलेले कोरलचे दगड) हवा, शक्यतो २००-२५० लिटरचा, आणि जोडीला शेवाळ वाढवलेलं रेफ्युजियम, म्हणजे मुख्य टँकला जोडलेली वेगळी छोटी टाकी, असेल तर उत्तमच, कारण तिथे कोपेपॉड कोणी न खाता वाढतात. सिक्सलाईन रास हा मासा सोबत ठेवू नका, तोही तेच खातो.

लाईव्ह रॉक महाग पडतो म्हणून मालवणकडून कोरल उचलून आणायचा विचारसुद्धा नको, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली दगडी कोरलला संरक्षण आहे.

दोन नर एकत्र ठेवले तर भांडून एक मरतो. नराच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा लांब असतो, तो बघूनच घ्या. नर-मादी जमली तर संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर दोघं अंगाला अंग लावून वर येतात, अंडी सोडतात, फार सुंदर दिसतं ते.

दुसऱ्या माशाला पांढरे ठिपके आले म्हणून मेन टँकमध्ये तांब्याचं औषध ओतू नका, त्याने कोपेपॉडच मरतात, म्हणजे मँडरिनचं जेवण संपलं. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढून तिथे औषध द्या.

घेताना समोरून पोट बघा, आत गेलेलं असेल तर नको. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा, टाकीत पैदास केलेला मासा मिळाला तर तोच घ्या, त्यातले बरेच फ्रोझन खायला शिकलेले असतात. आणि घरी असलेल्याचं पोट खपाटीला गेलं असेल तर थांबू नका, जाळीच्या डब्यात वेगळा ठेवून ब्राइन श्रिम्पची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा छोटा जीव) ताजी उबवलेली पिल्लं दिवसातून तीन-चार वेळा द्या.