नव्या माणसाला सोबती द्या, पण साहेब नको

नवीन माणूस रुजू होण्याआधीच त्याच्यासाठी एक सोबती ठरवून ठेवा. तो त्याच्याच पातळीवरचा, दीड-दोन वर्षं कंपनीत मुरलेला असावा. "रजा टाकायची तर आधी कुणाला विचारायचं?", "पीएफचा जुना यूएएन नंबर कुणाकडे द्यायचा?", "मीटिंगमध्ये मध्येच बोललं तर चालतं का?" हे प्रश्न साहेबांना विचारायला कुणालाही संकोच वाटतो.

एकदा ओळख करून दिली की झालं, असं मात्र नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्याच नव्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली. पहिल्या ९० दिवसांत सोबत्याला किमान एकदा भेटलेल्यांपैकी ५६ टक्के जणांनी कामात लवकर रुळायला मदत झाल्याचं सांगितलं. आठहून जास्त वेळा भेटलेल्यांत हेच प्रमाण ९७ टक्के होतं. म्हणून पहिला आठवडाभर दोघांना डबा एकत्र खाऊ द्या, पुढे आठवड्यातून अर्धा तास कॅलेंडरवरच राखून ठेवा.

तेवढ्या काळापुरतं सोबत्याचं थोडं काम कमी करा. डेडलाइन डोक्यावर असली की मनमिळाऊ माणूसही "नंतर बघू" म्हणतो आणि नवखा पुन्हा विचारायला येत नाही. शिवाय सोबत्याने नवख्याबद्दल वरिष्ठांना काहीही कळवायचं नाही, हे दोघांना समोर बसवून सांगा.