बांधावरची भोके बुजवण्याआधी घाममाशी ओळखा

मुंबईतून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो आणि पाठोपाठ ऊन तापू लागते. याच दिवसांत गोराई-मनोरीच्या वाड्यांत, आरेतल्या पाड्यांवर आणि रुळांकडेच्या मळ्यांत बांधाच्या उघड्या मातीवर बारीक भोके दिसू लागतात, आणि ती मुंग्यांची किंवा वाळवीची समजून त्यांत क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचे पाणी ओतले जाते. भरघोस फुललेली काकडी आणि वांगी त्यानंतर फळाविना राहिलेली मी वारंवार पाहिली आहेत. म्हणून या आठवड्यात बाकी कामे मागे पडली तरी चालतील, पण भोक न पाहता त्यात औषध ओतू नये.

यांतली अनेक भोके घाममाशीची असतात. खुरपणी करताना मानेवर, कोपरावर बसून घामातले क्षार चाटणारी आणि चिलट समजून मारली जाणारी ही बारीक, काळपट किंवा हिरवट चमकीची माशी हॅलिक्टिडी या मधमाश्यांच्या नात्यातल्या कुळातली असून फुलांचे परागीभवन करते. ती दाबली गेली तरच डसते, तेही सौम्य. नराला तर नांगीच नसते. फुलावर तिच्यासारखी दिसणारी पट्टेरी फूलमाशी हवेत एका जागी तरंगते, तिला दोनच पंख असतात आणि मिशा अगदी आखूड असतात. घाममाशीला चार पंख असतात व मादीच्या मागच्या पायांवरील केसांत कोरडे पराग भरलेले दिसतात. सातेरी मधमाशी मात्र परागाची ओलसर गोळी करून नेते.

भोक ओळखण्यासाठी सकाळी ऊन चढल्यावर दहा मिनिटे बांधाशी बसावे. मुंग्यांची रांग नसेल, भोकाभोवती भुसभुशीत मातीचे छोटे कडे असेल आणि तोंडाशी एखादे काळे डोके डोकावून मागे सरत असेल, तर ते घाममाशीचे घर आहे. आत प्रत्येक कप्प्यात परागाचा गोळा, त्यावर एक अंडे, आणि कप्पा बंद. ओतलेले औषध पुढची पिढीच संपवते. माझा अंदाज असा, की सकाळचे ऊन लागणाऱ्या उतारावर ही घरे जास्त असतात. तेवढा पट्टा उघडा ठेवावा, त्यावर मल्चिंगचा (माती झाकण्याचा) कागद अंथरू नये.

वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या परागकोशांत कोंडलेला असतो. कित्येक घाममाश्या कोश पायांनी कवटाळून अंग थरथरवतात, तेव्हा तो टोकाच्या छिद्रांतून पोटावर सांडतो. हे काम सातेरीला जमत नाही. काकडी वाकडी किंवा एका टोकाला बारीक राहिली, की दुकानदार टॉनिकची महागडी बाटली पुढे करतो, परंतु परागीभवनच अपुरे असेल तर त्या बाटलीचा उपयोग नाही.

या पंधरवड्यातील इतर कामे:
- पाण्याचा निचरा, तण काढणे
- वेलांना मांडव
- फळमाशीसाठी क्यू-ल्यूर (नर माशीला ओढणारे आमिष) सापळे
- किडकी फळे गोळा करून नष्ट करणे

मावा-तुडतुड्यांवर आधी ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा: ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, द्रावण १०० लिटर करावे. काकडी, कारली, वांगी यांवर फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास करावी; दुधी-दोडक्याची फुले संध्याकाळीच उमलतात, तेथे सकाळी ती मिटल्यावर आणि शेजारच्या फुलांवर तुषार जाणार नाहीत अशा बेताने फवारावे. मुंग्यांचा उपद्रव खरोखरच असेल, तर रांगेचा माग काढून त्यांच्याच वारुळावर उपाय करावा, आणि जे भोक कोणाचे ते कळत नाही ते तसेच सोडावे.