प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यावर हात बसवताना

माझं पोटापाण्याचं काम डिजिटल कॅमेऱ्यावर चालतं. तरी कुणी नवीन माणूस "फोटोग्राफी शिकायची आहे, कुठून सुरुवात करू?" असं विचारतो तेव्हा मी त्याच्या हातात होल्गा ठेवते, हाँगकाँगमध्ये निघालेला फिल्मचा साधा कॅमेरा. काळा, वजनाला काहीच नाही, भिंगापासून पाठीपर्यंत जवळजवळ सगळा प्लॅस्टिकचा. मी स्वतः त्याच्यावर शिकले आणि अजूनही महिन्याला एखादा रोल त्याच्यातून काढते.

या कॅमेऱ्यात तुमच्या हातात काय असतं ते आधी सांगते. शटरचा, म्हणजे फिल्मवर क्षणभर उजेड पडू देणाऱ्या पडद्याचा वेग एकच, साधारण 1/100 सेकंद. शिवाय बी नावाची खूण, तिच्यावर बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं. उजेड आत येण्याचं भोक लहानमोठं करायला ऊन आणि ढग अशी चित्रं असलेली अ‍ॅपर्चरची कळ. बऱ्याच जुन्या होल्गांमध्ये ती इकडून तिकडे सरकते, पण आतलं भोक बदलत नाही. राहता राहिलं अंतर. भिंगाच्या कडेला चार चित्रं आहेत: एक माणूस म्हणजे साधारण 1 मीटर, तीन माणसं म्हणजे 2, घोळका म्हणजे 6 आणि डोंगर म्हणजे त्यापलीकडचं सगळं. बस्स, एवढंच.

म्हणजे ठरवायचं काय, तर कुठे उभं राहायचं आणि कधी दाबायचं. बाकी सगळं काढून घेतल्यावर या दोनच गोष्टींकडे इतकं लक्ष जातं की त्याची सवय जडते. पहिल्या रोलवर माझे जवळचे सगळे चेहरे धूसर आले आणि मागची भिंत मात्र स्वच्छ. मला 1 मीटर म्हणजे किती ते ठाऊकच नव्हतं! मग मी टेप घेऊन जमिनीवर खडूने रेघा मारल्या, 1 वर, 2 वर, 6 वर, आणि त्यांच्यावर उभी राहून समोरच्या खुर्चीकडे बघत राहिले. 1 मीटरवर हात पुढे केला की बोटं खुर्चीच्या पाठीच्या जरा अलीकडे राहतात. 2 मीटरवर दोन पावलं टाकली की आपण खुर्चीपाशी पोहोचतो. आठवड्याभरात डोळ्याला अंदाज आला आणि तो आजतागायत गेलेला नाही. महागड्या कॅमेऱ्यानेही मी अजून आधी अंतर मोजते, मग डोळ्याला लावते. तुम्हीही हा खडूचा उद्योग करा, त्यात एकही रोल खर्च होत नाही.

आणखी एक. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची जागा, भिंगाच्या वर आहे, तुम्ही भिंगातून बघत नसता. त्यामुळे जवळच्या माणसाच्या डोक्यावर जरा जास्त जागा सोडा. याच कारणाने भिंगावरचं झाकण तसंच राहिलं तर कॅमेरा काही सांगत नाही. मी झाकण घरीच ठेवते.

उजेडाचं गणित सोपं आहे. कडक उन्हात 100 आयएसओची फिल्म, ढगाळ दिवशी किंवा मोकळ्या सावलीत 400 ची; आकडा जितका मोठा तितका तिला उजेड कमी पुरतो. एकच घ्यायची तर 400 ची निगेटिव्ह, म्हणजे उजेड-काळोख उलटे उमटणारी फिल्म, घ्या. निगेटिव्हला उजेड जास्त झालेला बराच सोसतो, कमी पडलेला सोसत नाही. स्लाइड फिल्मच्या, म्हणजे जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं तिच्या, वाटेला सुरुवातीला जाऊ नका. आणि घरात, दिव्याच्या उजेडात या कॅमेऱ्याकडून अपेक्षा ठेवू नका. तिथे फ्लॅश लावा, नाहीतर टेबलावर टेकवून बी वापरा.

आता रोल भरणं. होल्गाला 120 नावाची रुंद फिल्म लागते, तिला डबी नसते. फिल्म काळ्या पाठीच्या कागदात गुंडाळलेली असते आणि एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाते, त्यामुळे परत गुंडाळण्याची भानगड नाही. सावलीत बसायचं, कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत घालायचं, अंगठ्याने दाबून दोन वेढे द्यायचे, पाठ लावायची. मग पाठीवरच्या लाल खिडकीत बघत चाक हळूहळू फिरवायचं. आधी नुसता कागद सरकताना दिसतो, मग ठिपके किंवा बाण, आणि मग 1 चा आकडा खिडकीच्या मधोमध येऊन थांबतो. तो आकडा दिसला की मला अजूनही तितकाच आनंद होतो. रीळ सैल गुंडाळलं जाऊ नये म्हणून भरलेल्या रिळाखाली पुठ्ठ्याचा घडी केलेला तुकडा सरकवा. सैल राहिलं तर काढताना कडांनी उजेड शिरतो. पाठ निसटू नये म्हणून दोन्ही बाजूंना काळी टेप लावा.

फोटो काढल्यावर चाक फिरवायची आठवण तुम्हीच ठेवायची, शटरला त्याचा पत्ता नसतो. विसरलात तर एकावर एक दोन फोटो. मी क्लिक झाल्याझाल्या फिरवते, हा नियम कधी मोडत नाही. मुद्दाम दोन फोटो एकत्र करायचे असतील तेव्हाच थांबते.

लोक अजून या कॅमेऱ्यांकडे का वळतात, याला माझ्या मते कारण भिंगात आहे. एकाच भिंगाला सपाट फिल्मवर सगळीकडे सारखं नेमकं चित्र पाडता येत नाही. मधला भाग बऱ्यापैकी रेखीव येतो, कडेला जाता जाता विरघळतो आणि कोपरे काळवंडतात. आठवण काढताना आपल्याला माणसाचा चेहराच तेवढा स्पष्ट दिसतो, खोलीच्या भिंती दिसत नाहीत, तसंच काहीसं. हाँगकाँगमध्येच 1960 च्या दशकात निघालेला डायना हाही याच घराण्यातला. अमेरिकी छायाचित्रकार नॅन्सी रेक्सरॉथ यांनी 1970 च्या दशकात त्याच्यावर जे काम केलं, त्यानंतर या कॅमेऱ्यांना खेळणं म्हणणं मला पटत नाही. वृत्तछायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी 2000 च्या अमेरिकी निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांचा फोटो होल्गावर काढला आणि त्याला वृत्तछायाचित्रकारांच्या संघटनेचं पारितोषिक मिळालं. लेनिनग्राडचा लोमो एलसी-ए हा कॅमेरा मात्र वेगळा: काचेचं भिंग, आपोआप ठरणारं एक्स्पोजर. व्हिएन्नाच्या विद्यार्थ्यांना तो 1991 मध्ये प्रागमध्ये सापडला आणि पुढच्या वर्षी त्यांनी लोमोग्राफी सोसायटी काढली. तो चांगलाच आहे, पण शिकायला मी होल्गाच सुचवेन, कारण एलसी-ए उजेडाचा विचार तुमच्यासाठी करून टाकतो.

शेवटी लॅब. पाठीवर 12 किंवा 16 कडे, म्हणजे एका रोलवर किती फोटो घ्यायचे त्या आकड्याकडे, सरकणारा बाण असतो. चौकोनी फोटोंसाठी तो 12 वर हवा. माझा एकदा 16 वर सरकला होता. फिल्म दरवेळी कमी पुढे गेली आणि फोटो एकमेकांत शिरले. पावसात उभी असलेली माझी आजी, तिच्या खांद्यावरून सुरू झालेली गल्ली, गल्लीच्या टोकाला पुन्हा आजी. लॅबने नेहमीच्या मापाने निगेटिव्ह कापली आणि कात्री नेमकी आजीच्या चेहऱ्यावरून गेली. चूक त्यांची नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक रोलच्या पाकिटावर मी जाड अक्षरात दोन ओळी लिहिते: "निगेटिव्ह कापू नका. स्कॅन करताना रंग आणि कोपरे दुरुस्त करू नका." अख्खी पट्टी घरी येते, खिडकीच्या काचेवर धरून मी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघते, आणि कापायची कुठे ते मी ठरवते.